३५० सीसीची रेषा आणि पूर्णेचा जमाखर्च

वस्तू व सेवा कराच्या सुधारित रचनेने २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारसायकलींच्या जगात एक ठळक रेषा ओढली. इंजिनाची क्षमता ३५० सीसीपर्यंत असेल तर कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यापुढील गाड्यांवर अधिभारासह ३१ टक्के होता, तो ४० टक्के झाला. रेषेच्या अलीकडे गरज आणि पलीकडे चैन, असा या आकड्यांचा अर्थ. योगायोग असा की त्याच सुमारास मराठवाड्यात अतिवृष्टीने हाहाकार उडविला होता. कापणीला आलेले सोयाबीन पाण्यात उभे होते, आणि दुचाकीच्या दुकानांवर मात्र करकपातीचे फलक लागत होते. शेतातून येणारा पैसा आटला आणि गाडी स्वस्त झाली, या दोन घटना एकाच पंधरवड्यातल्या.

अशा वेळी परभणी जिल्ह्यातील पूर्णेसारख्या गावी बापलेक दुकानात उभे राहतात, तेव्हा त्यांच्यात जो वाद होतो तो अर्थशास्त्राच्या कोणत्याही वर्गात शिकवावा इतका शुद्ध असतो. बाप विचारतो, “अॅव्हरेज किती देती?” मुलगा विचारतो, “पिकअप कसा आहे?” एकाला लिटरमागे किलोमीटर मोजायचे आहेत, दुसऱ्याला मूठ पिळल्यावर छातीत जे काही होते ते हवे आहे. विक्रेता दोघांनाही हसून उत्तर देतो, आणि शेवटी हप्त्याचा आकडा सांगून वाद मिटवितो. वस्तुत: वाद तेथे मिटत नाही, तेथून सुरू होतो.

वाहनाचे सुख मोठे की वाहन बाळगण्याचा खर्च मोठा, ही चर्चा जगात बहुधा इटलीतील अतिवेगवान मोटारींच्या निमित्ताने केली जाते. फेरारी घ्यावी की लॅम्बोर्गिनी, असा तो प्रश्न. त्या स्पर्धेचे मूळ शेतीत आहे, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. फेरुच्चो लॅम्बोर्गिनी हा ट्रॅक्टर तयार करणारा कारखानदार. त्याच्याकडे फेरारी होती, तिचा क्लच वारंवार बिघडे, तक्रार केली तेव्हा एन्झो फेरारीने त्याला ट्रॅक्टरवाला म्हणून झिडकारले आणि त्या रागातून त्याने १९६३ साली स्वत:ची मोटार कंपनी काढली, अशी कथा सांगतात. कथेत मीठमसाला असेल. कंपनी मात्र खरोखरच ट्रॅक्टरच्या नफ्यावर उभी राहिली. महाराष्ट्राला या जगाची ओळख सचिन तेंडुलकर यांच्या फेरारीमुळे झाली. ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केल्याबद्दल २००२ साली त्यांना फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. तिच्यावरील आयात शुल्क मोटारीच्या किमतीहून अधिक होते. ते माफ करण्याच्या निर्णयावर २००३ साली मोठा गहजब झाला आणि अखेर ते शुल्क फियाट कंपनीने भरले. भेट मिळालेले वाहनसुद्धा फुकट नसते, एवढे त्या प्रकरणाने देशाला समजावून दिले.

परंतु ज्याला फेरारी परवडते, त्याच्या दृष्टीने टायर, विमा आणि इंधन यांचा हिशेब हा बैठकीतील गप्पांचा विषय असतो. त्यावाचून त्याच्या घरातली चूल अडत नाही. निवडीचा खरा पेच पैसा मोजका असतो तेथेच पडतो. म्हणून या प्रश्नाचा अभ्यास मोडेनापेक्षा पूर्णेत अधिक चांगला होऊ शकतो.

पूर्णा हे रेल्वेचे गाव. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या मार्गावरून हिंगोली, वाशीम, अकोल्याकडची वाट येथूनच फुटते. एका बाजूला परभणी, दुसऱ्या बाजूला नांदेड, दोन्ही तीसेक किलोमीटरवर. रेल्वे कर्मचाऱ्यांचा महिन्याचा पगार आणि आसपासच्या खेड्यांतील शेतकऱ्यांची हंगामी मिळकत, या दोन भिन्न लयींवर येथील बाजार चालतो. पूर्णा नदी जवळच गोदावरीला मिळते. जमीन काळी, कसदार आणि पावसाळ्यात चाकाला न सोडणारी. अशा भूभागात दुचाकी ही एकाच वेळी दवाखान्याची गाडी, दुधाची गाडी, शाळेची गाडी आणि लग्नाची गाडी असते.

त्यातून परभणी जिल्ह्याचे पेट्रोल महाग. महाराष्ट्रात सर्वांत महाग पेट्रोल कोठे, असा प्रश्न निघाला की परभणीचे नाव वर्षानुवर्षे पुढे येते. इंधनाचा साठा मनमाडजवळच्या पानेवाडीत, आणि तेथून परभणीपर्यंतचे तीनशे किलोमीटरांच्या आसपासचे अंतर टँकरने कापावे लागते. वाहतुकीचा हा भार लिटरच्या दरात मिसळतो. मनमाडहून निघालेला रेल्वेमार्ग थेट पूर्णेवरून जातो आणि तरीही इंधन रस्त्याने येते, यातील विसंगती गावकऱ्यांच्या नजरेतून सुटलेली नाही. तात्पर्य, मुंबईतील धनिक आपल्या भारी मोटारीत जे पेट्रोल भरतो, त्याहून महाग पेट्रोल पूर्णेचा दूधवाला आपल्या गाडीत भरतो. सुख आणि खर्च यांच्या तराजूचे एक पारडे येथे आरंभापासूनच जड आहे.

या तराजूचा इतिहास पाहण्यासारखा आहे. साठ-सत्तरच्या दशकांत मोटारसायकल म्हणजे ‘फटफटी’, आणि तिच्यात निवड तीनच. एस्कॉर्ट्सची १७५ सीसीची राजदूत, म्हैसूरला तयार होणारी जावा व पुढे तिचीच येझदी, आणि मद्रासकडची एन्फिल्ड बुलेट. राजदूतच्या टाकीत पेट्रोलबरोबर ऑइल मोजून घालावे लागे. मागे धुराचा लोट सोडत ती दुधाच्या बरण्या वाहून नेई. जावा-येझदीची किक मारून झाली की तोच दांडा गिअरचे काम करी, याचे नवख्याला आश्चर्य वाटे. बुलेट ही पोलिसांची, लष्कराची आणि बड्या जमीनदाराची. तिचा आवाज वेशीवर आला की घरात पाहुण्यासाठी चहा ठेवला जाई. ज्यांना यांपैकी काहीच नको होते, ते बजाजच्या स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहत. टंचाईच्या त्या काळात निवडीचे दु:ख नव्हते, कारण निवडच नव्हती.

चित्र बदलले ते ऐंशीच्या दशकात. शंभर सीसीपर्यंतच्या दुचाकींसाठी परदेशी सहकार्याला सरकारने मुभा दिली आणि चार जपानी कंपन्या भारतीय भागीदारांसह उतरल्या. १९८४ साली इंड-सुझुकी आली, १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आणि त्याच वर्षाच्या अखेरीस यामाहाची आरएक्स १००, आणि १९८६ साली कावासाकी बजाजची केबी १००. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला, त्यामुळे मराठवाड्यातही ही लाट कारखान्याच्या फाटकाशी येऊन ठेपली.

या चौघींत खरा सामना दोघींचा. सीडी १०० ही चार स्ट्रोकची, सुमारे सात अश्वशक्तीची, निमूट चालणारी. टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा आशयाची तिची जाहिरात होती आणि लिटरला ८० किलोमीटरचा दावा होता. आरएक्स १०० ही दोन स्ट्रोकची, ९८ सीसीची आणि सुमारे अकरा अश्वशक्तीची. वजनाला हलकी, उचल अशी की मागे बसणाऱ्याने आधी धरायला जागा शोधावी. दोन स्ट्रोकच्या इंजिनात चाकदंडाच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट होतो, म्हणून आकाराच्या मानाने शक्ती अधिक. परंतु न जळालेल्या इंधनाचा काही भाग धुराबरोबर बाहेर जातो, म्हणून पेट्रोलही अधिक. आनंद आणि उधळपट्टी यांचा उगम एकाच यंत्ररचनेत असण्याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

त्यापूर्वीच, १९८३ साली, या देशात आनंदाचा आणखी मोठा प्रयोग झाला होता. एस्कॉर्ट्सने यामाहाच्या धर्तीवर राजदूत ३५० आणली. जोडसिलिंडरची, तीस अश्वशक्तीच्या आसपासची ही गाडी त्या काळच्या भारतीय रस्त्यांवर म्हणजे देशी अतिवेगवान मोटारच होती. तिला चालविणाऱ्यांनी तिच्यावर जीव लावला; विकत घेणारे मात्र थोडे निघाले. पेट्रोलची भूक आणि सुट्या भागांची किंमत यांनी तिचा बळी घेतला आणि दशक संपता संपता तिचे उत्पादन थांबले. बाजाराने निर्णय दिला होता. हिरो होंडा पुढे, २००१ साली, जगातील सर्वांत मोठी दुचाकी उत्पादक ठरली. १९९४ साली आलेली तिची स्प्लेंडर तर खेड्यापाड्यांत ‘गाडी’ या शब्दाला पर्याय झाली. आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्ये बंद पडले. काटकसर जिंकली, असे या इतिहासाचे तात्पर्य सहसा काढले जाते.

ते पुरेसे नाही. टिबोर सिटॉव्स्की या अर्थशास्त्रज्ञाने १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात सोय आणि सुख यांत एक महत्त्वाचा भेद केला. गैरसोय दूर झाली की सोय मिळते. ती सवयीची झाली की जाणवेनाशी होते. सुख हे उत्तेजनातून, नावीन्यातून, काहीशा जोखमीतून येते आणि ते पुन्हा पुन्हा जाणवते. सीडी १०० ने गिऱ्हाइकाला सोय विकली: गाडीचा विसर पडावा हीच तिची ख्याती होती. आरएक्स १०० ने सुख विकले. तिचा विसर पडणे शक्यच नव्हते. अॅव्हरेजचा आकडा दोन्ही गाड्यांना लावता येतो, पण त्या दोन निराळ्या वस्तू आहेत.

म्हणूनच की काय, उत्पादन थांबल्यानंतर तीन दशकांनी चांगल्या स्थितीतील आरएक्स १०० ला आज नव्या दुचाकीच्या बरोबरीने किंमत येते, आणि तिच्या काळी हिशेबी लोकांनी निवडलेली सीडी १०० भंगाराच्या भावात गेली. ज्या गाडीला उधळी म्हटले तिचा घसारा उलटा फिरला. अर्थात यावरून आनंद ही गुंतवणूक आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. हजारो आरएक्स गाड्या पडल्या, मोडल्या, सुट्या भागांसाठी फोडल्या गेल्या. उरलेल्या थोड्यांना ही किंमत आहे. लॉटरीत जिंकलेल्याला पाहून तिकिटाचे मोल ठरवू नये.

आता हिशेब. पूर्णेतील एखाद्या कुटुंबापुढे आज दोन गाड्या आहेत असे धरू. एक शंभर सीसीची साधी, रस्त्यावर येईपर्यंत सुमारे एक लाख रुपयांची, लिटरला ६० किलोमीटर देणारी. दुसरी ३५० सीसीची, सुमारे सव्वादोन लाखांची, लिटरला ३५ देणारी. महिन्याला ८०० किलोमीटर फिरणे, पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि सात वर्षे वापर, हे गृहीत धरले तर पहिलीला महिन्याला १,४०० रुपयांचे इंधन लागते आणि दुसरीला २,४०० चे. फरक वर्षाला १२,००० चा, सात वर्षांत ८४,००० चा. एवढा हिशेब प्रत्येक बाप मनातल्या मनात करतो. जे तो करीत नाही ते पुढचे.

सात वर्षांनी साधी गाडी ३५ हजारांना आणि मोठी एक लाख दहा हजारांना गेली, असे उदार मनाने मानले तरी घसाऱ्यातील फरक ५० हजारांचा राहतो. गुंतलेल्या जादा रकमेची सरासरी एक लाख धरली आणि तिच्यावर दरसाल नऊ टक्के व्याज मोजले, तर आणखी ६३ हजार झाले. हे व्याज कोणी हातावर मागत नाही, पण त्याच पैशात विहिरीवर मोटर बसविता आली असती. संधीचा हा त्याग हाही खर्चच. देखभालीत वर्षाला चार हजारांचा फरक धरला तर २८ हजार. विम्याचा फरक मात्र लहान: २०२२ साली ठरलेल्या दरांप्रमाणे तृतीय पक्ष विम्याचा वार्षिक हप्ता १५० सीसीपर्यंत ७१४ रुपये आणि ३५० सीसीपर्यंत १,३६६ रुपये, म्हणजे सात वर्षांत साडेचार हजारांच्या आसपास. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा हा विमा सप्टेंबर २०१८ पासून एकदमच भरावा लागतो, हे वेगळे.

बेरीज सुमारे दोन लाख तीस हजार होते. महिन्याला २,७०० रुपये, किंवा किलोमीटरला तीन रुपये चाळीस पैसे. मोठ्या गाडीवर बसण्याच्या सुखाची पूर्णेतील ही किंमत. त्यातील पेट्रोल फक्त एक तृतीयांशाहून थोडे अधिक. बाकी सारे घसारा, व्याज आणि दुरुस्ती यांत दडलेले. अॅव्हरेज विचारून समाधान मानणारा बाप त्या हिशेबाने खर्चाचा मोठा भाग पाहतच नाही. त्याच्या मुलावर बेहिशेबीपणाचा आरोप करताना हे विसरता कामा नये.

किलोमीटरला तीन रुपये चाळीस पैसे हे फार झाले का? येथे उपदेशकांची एक जात लगेच पुढे सरसावते. गरिबाने सुखाचा विचार करू नये, त्याने उपयुक्तता पाहावी, असे त्यांचे म्हणणे. हा विचार अर्थशास्त्राला धरून नाही आणि माणुसकीलाही नाही. तंबाखू, मोबाइलचे रिचार्ज आणि लग्नातील जेवणावळी यांवर याच कुटुंबाचा किती पैसा जातो, हे पाहिले तर रोजच्या रस्त्यावर मिळणारे सुख त्या मानाने निर्मळ म्हणावे लागेल. थॉर्स्टाइन व्हेब्लेनने १८९९ साली दिखाऊ उपभोगाची मीमांसा केली ती विसरावी असे नाही. बुलेटच्या आवाजातील बराचसा भाग शेजाऱ्यांच्या कानांसाठीच असतो. परंतु रिकाम्या रस्त्यावर, कोणी पाहत नसताना, सकाळच्या गारव्यात गाडी हाकणाऱ्यालाही काही मिळत असते. ते खोटे ठरविण्याचा अधिकार जमाखर्चाच्या वहीला नाही.

आणि ही हौस काही जपान्यांनी आणलेली नव्हे. याच गोदाकाठावर लाल कंधारी आणि देवणी बैलांच्या जोड्या नांगराला जुंपल्या जात, आणि ज्याची ऐपत असे तो शंकरपटासाठी निराळी चपळ जोडी बाळगी. त्या जोडीला पेंड अधिक, राबता कमी. घरातली बाई तक्रार करी आणि पोळ्याला तिचीच शिंगे आधी रंगवी. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. राज्याने २०१७ मध्ये कायदा केला आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो ग्राह्य ठरविल्यावर शर्यतीच्या बैलांचे भाव पुन्हा लाखांत बोलले जाऊ लागले. कामाची जोडी आणि हौसेची जोडी यांतील भेद शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. फरक इतकाच की हौसेची जोडी तो बहुधा साठलेल्या पैशातून घेई. मोटारसायकल तो न मिळविलेल्या पैशातून घेतो.

गोम येथे आहे. रेल्वेतील नोकरदाराला महिन्याला २,७०० रुपये हा खर्च आहे. शेतकऱ्याला तो धोका आहे. पहिल्याचा पगार महिन्याला येतो आणि हप्ताही महिन्याला जातो. दुसऱ्याचे सोयाबीन ऑक्टोबर-नोव्हेंबरात विकले जाते, कापूस त्यामागून, हरभरा मार्चच्या सुमारास. मधल्या महिन्यांत आडत्याकडून उचल घेऊन घर चालते. वित्तकंपनीचा हप्ता मात्र जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावरही, पाच तारखेलाच खात्यातून वळता होतो. तेव्हा तो हप्ता बियाण्याच्या पैशातून तरी जातो किंवा उचलीतून तरी. उचलीचे व्याज मिळविले की वर मांडलेला नऊ टक्क्यांचा हिशेब कागदावरच राहतो. दोन-तीन हप्ते थकले की गाडी ओढून नेतात. भरलेले पैसे गेले, गाडी गेली आणि गावात नावही गेले. एकाच गाडीची किंमत रेल्वे कॉलनीत एक आणि दोन कोसांवरच्या खेड्यात दुसरी असते, ती या कारणाने.

त्याहूनही कठोर प्रश्न असा की सुख कोणाचे आणि पैसा कोणाचा. मराठवाड्यात लग्नाच्या बैठकीत ‘गाडी’ हा शब्द उच्चारला जातो, तेव्हा वधुपित्याला कोणती गाडी हे वेगळे सांगावे लागत नाही. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे. मोटारसायकल तेव्हापासून हुंड्याच्या यादीतून गेली नाही; उलट शंभर सीसीवरून चढत चढत साडेतीनशेवर आली. येथे निवड करणारा एक, चालविणारा तोच, आणि किंमत मोजणारा दुसऱ्याच गावचा शेतकरी, ज्याने त्यासाठी कदाचित एकर-दीड एकर गहाण टाकले आहे. ज्याला किंमत मोजावी लागत नाही, त्याने मोठी वस्तू निवडावी यात नवल कसले? सुख आणि खर्च यांचे माप एका तराजूत घालण्याची अटच येथे मोडते. १८ टक्क्यांवर आलेल्या कराने वाचलेले पैसे वधुपित्याच्या खिशात राहतील की बैठकीत आणखी मोठ्या गाडीची मागणी होईल, याचे उत्तर अर्थखात्याकडे नाही. पूर्णेतील कोणतीही जाणती बाई ते देऊ शकेल.

एक खर्च आणखी आहे, तो कोणत्याच वहीत चढत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशातील रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत दुचाकीवरचे ४४.५ टक्के. मोठ्या गाडीबरोबर चांगले शिरस्त्राण घेणाऱ्याला तीन-चार हजार रुपये अधिक वाटतात. सव्वादोन लाखांच्या खरेदीत ही घासाघीस अनाकलनीय आहे, परंतु ती रोज होते.

या साऱ्याच्या प्रकाशात ३५० सीसीच्या रेषेकडे पाहिले तर ती किती ओबडधोबड आहे हे दिसते. ३४९ सीसीची भारी गाडी गरज ठरली आणि त्या दिवशी चाकणच्या कारखान्यात तयार होणारी ३९८ सीसीची गाडी चैन ठरली. पेट्रोल दोघी जवळपास सारखेच पितात. इंजिनाचे आकारमान मोजणे सोपे असते म्हणून शासन ते मोजते. खेड्यातल्या घराला काय परवडते ते मोजणे अवघड, म्हणून ते कोणी मोजत नाही. चैनीवर कर असू नये असे नाही. पण ग्राहकाला सावध करण्याचे काम कराच्या दराकडून होत नाही.

ते दोन साध्या गोष्टींनी होऊ शकेल. विजेच्या उपकरणांवर त्यांच्या वीजखर्चाचे तारांकित लेबल लावण्याची सक्ती आहे. त्याच न्यायाने प्रत्येक दुचाकीवर पाच वर्षांच्या एकूण खर्चाचा आकडा, घसारा व व्याज यांसह, मराठीत लिहून लावण्याची सक्ती दुकानदारावर व्हावी. दुसरी गोष्ट हप्त्यांची. पीककर्जाची परतफेड हंगामाला बांधलेली असते. मग शेतकऱ्याच्या वाहनकर्जाचे हप्ते नोव्हेंबर आणि मार्चमध्ये मोठे व जून-जुलैत शून्य का असू नयेत? ट्रॅक्टरच्या कर्जात सहामाही हप्त्यांची पद्धत बँकांना परिचित आहे. दुचाकीला ती लावण्यात तांत्रिक अडचण कोणतीही नाही. अडचण असेल तर ती अशी की थकलेला हप्ता हा दंडाच्या रूपाने काहींच्या उत्पन्नाचा भाग आहे.

शिवाय निवड खरी व्हायची तर गाडी न घेण्याचा पर्यायही खरा हवा. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट आहे, ही मोठी सोय. पण ज्या खेड्यात संध्याकाळनंतर एसटी फिरकत नाही, तेथे सवलतीचे मोल शून्य. आजारी मूल घेऊन रात्री नऊ वाजता पूर्णेला यायचे असेल तर सवलत नव्हे, गाडीच लागते. पूर्णेच्या फलाटावरून परभणी आणि नांदेड या दोन्ही दिशांना रेल्वेने जाता येते आणि तेथे किलोमीटरचा दर दुचाकीच्या पेट्रोलच्या पासंगालाही पुरत नाही; फलाटापासून घरापर्यंतचे शेवटचे सात-आठ किलोमीटर तेवढे कोणी जोडलेले नाहीत. त्या सात-आठ किलोमीटरांसाठी घराघरांत लाखाची गाडी उभी आहे.

उरली हौस. पूर्णेच्या परिसरात ट्रॅक्टर घरोघरी नाही. एकाकडे असतो, बाकीचे तासावर भाड्याने नांगरट करून घेतात, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. मोटारसायकल भाड्याने देण्याची केंद्र सरकारची योजना १९९७ पासून अस्तित्वात आहे. चार मित्र वर्गणी काढून गोव्याला जातात तेव्हा तेथे दिवसाच्या भाड्यावर बुलेट घेतात, किनाऱ्याच्या रस्त्याने दोन दिवस मनसोक्त हाकतात, तिसऱ्या दिवशी किल्ली परत करतात आणि पूर्णेला उतरल्यावर स्टेशनाबाहेर लावलेल्या आपल्या शंभर सीसीच्या गाडीला किक मारून गावाकडे निघतात.